‘अपुरी कामे’ पहिल्या पानावर: आमच्या प्रभागाच्या वार्तापत्राचे परीक्षण

आमच्या प्रभागाच्या नगरसेविका दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात चार पानांचे वार्तापत्र घरोघरी पोहोचवतात, आणि गेल्या दोन वर्षांतला त्याचा एकही अंक मी न वाचता बाजूला ठेवलेला नाही. शेजारच्या प्रभागातील काही परिचितांनी अलीकडे विचारले की आपल्याकडेही असे काही सुरू करायचे झाल्यास यातले काय उचलावे आणि काय टाळावे. त्या निमित्ताने सगळे अंक पुन्हा काढून पाहिले. एरवी ज्या सेवेचा नागरिक म्हणून आपण उपयोग करतो, तिच्याविषयी आपले मत नीट लिहून ठेवण्याची सवय आपल्याला नाही. दुकानाविषयी किंवा दवाखान्याविषयी आपण जितक्या तपशिलाने बोलतो तितक्या तपशिलाने लोकप्रतिनिधीच्या कामाविषयी बोलत नाही. त्यामुळे हे परीक्षण थोडे सविस्तर होणार आहे.

या वार्तापत्राची सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे त्याचे पहिले पान. ज्या जागेवर बहुतेक ठिकाणी उद्घाटनाची छायाचित्रे असतात, त्या जागेवर येथे ‘मागील अंकातील अपुरी कामे’ या शीर्षकाखाली एक तक्ता असतो. प्रत्येक कामाला अनुक्रमांक दिलेला असतो आणि काम पूर्ण होईपर्यंत तो बदलत नाही. पुढे ठिकाण, तक्रार नोंदवल्याची तारीख, काम कोणत्या विभागाकडे आहे, सध्या कोठे अडले आहे आणि पुढची अपेक्षित तारीख कोणती, एवढेच रकाने आहेत. शाळेमागच्या नाल्यावरील छोट्या पुलाचे काम सलग अकरा अंकांत या तक्त्यात होते. पहिल्या अंकात ‘पाहणी झाली’ अशी नोंद होती, मग ‘अंदाजपत्रक तयार’, मग ‘निविदेला प्रतिसाद नाही’, मग ‘फेरनिविदा’, मग ‘कार्यादेश दिला’, आणि त्यानंतरही दोन महिने ‘जलवाहिनी हलवण्याची प्रतीक्षा’. ही नोंद महिन्यामागून महिने वाचताना, एका लहान पुलाला इतका वेळ का लागतो हे मला प्रथमच समजले. काम अडले की कोणीतरी जाणीवपूर्वक अडवत असणार असे मी पूर्वी गृहीत धरत असे. आता काम कोणत्या टेबलावर आहे ते कळते आणि विचारायला जायचे झाल्यास त्याच टेबलाकडे जाता येते. अकरा महिने आपले अपुरे काम पहिल्या पानावर छापत राहणे सोपे नाही, आणि त्यासाठी नगरसेविकांचे मनापासून कौतुक करावेसे वाटते.

वार्तापत्रामागे प्रत्यक्ष काम किती आहे, याचा अनुभव मला गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आला. आमच्या गल्लीच्या वळणावर एका चेंबरचे झाकण तडकले होते आणि त्यावर कोणीतरी झाडाची फांदी उभी करून ठेवली होती. मी कार्यालयात जाऊन नोंद केली. तेथील मदतनीस मुलीने मी सांगितलेले सगळे वहीत लिहून घेतले आणि मला परत वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशी सकाळी नगरसेविका स्वतः आल्या. त्यांनी वाकून झाकणावरचा चिखल हाताने बाजूला केला, तेव्हा लोखंडात ओतलेली अक्षरे दिसू लागली. “काका, हे आपल्या मलनिस्सारणाचं नाही, टेलिफोनवाल्यांचं आहे,” त्या म्हणाल्या. “पण म्हणून ते उघडं ठेवता येणार नाही. आज आपल्या विभागाकडून कठडा लावून घेते आणि त्यांना पत्र देते.” संध्याकाळपर्यंत कठडा लागला. झाकण बदलायला पंधरा दिवस गेले. पुढच्या अंकात एका चौकटीत, रस्त्यावरील झाकणे वेगवेगळ्या यंत्रणांची असतात, त्यांच्यावर मालकाचे नाव किंवा खूण बहुधा ओतलेली असते आणि तक्रार करताना ती अक्षरे सांगितल्यास दिवस वाचतात, अशी माहिती आली. माझ्या एका तक्रारीतून सगळ्या प्रभागाला उपयोगी पडणारी चार वाक्ये निघाली. वार्तापत्राने नेमके हेच करायला हवे असे मला वाटते.

आता दोषाकडे येतो, कारण तो या चांगल्या गोष्टीच्या पोटातच आहे. ‘निकाली’ हा शब्द. वाचनालयामागचा दिवा बंद असल्याची माझी तक्रार एका अंकात ‘निकाली’ म्हणून छापून आली, आणि तो अंक ज्या संध्याकाळी माझ्या हातात पडला त्या संध्याकाळी मी त्या दिव्याखालून अंधारातच घरी आलो होतो. चौकशी केल्यावर समजले की विद्युत विभागाने ही तक्रार ‘केबल दुरुस्ती’ या दुसऱ्या पथकाकडे पाठवली होती, आणि एका पथकाकडून दुसऱ्याकडे पाठवलेली तक्रार संगणकावर पहिल्या पथकापुरती बंद झाली होती. वार्तापत्राने संगणकावरची ती नोंद तशीच उचलली. मी तसे पत्र दिले. पुढच्या महिन्यात तो अनुक्रमांक पुन्हा ‘अपुरी कामे’ या तक्त्यात आला, खाली एका ओळीत चूक मान्य केलेली होती, आणि त्यानंतर तक्ता छापण्यापूर्वी तक्रारदाराला दूरध्वनी करून विचारण्याची पद्धत सुरू झाली. ही पद्धत अजून पूर्ण बसलेली नाही. माझ्या परिचयातील दोघांना दूरध्वनी न येताच त्यांची कामे ‘निकाली’ झाली आहेत. ब्रिटनमध्ये २००७ पासून चालणाऱ्या ‘फिक्समायस्ट्रीट’ या संकेतस्थळाने याचे साधे उत्तर शोधले होते: तक्रार नोंदवल्यानंतर चार आठवड्यांनी ते तक्रारदारालाच विचारते की काम झाले का. काम झाले की नाही हे त्या दिव्याखालून रोज जाणाऱ्या माणसाने सांगायचे, विभागाने सांगायचे नाही, हे तत्त्व आमच्या वार्तापत्राने कायमचे स्वीकारावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

दुसऱ्या पानावर ‘सभागृहात’ हे सदर असते. सर्वसाधारण सभेत प्रभागाशी किंवा सगळ्या शहराशी संबंधित कोणते विषय आले, नगरसेविकांनी कोणता प्रश्न विचारला, उपसूचना मांडली असल्यास ती कोणती, मतदान कसे केले आणि ठरावाचे पुढे काय झाले, हे सगळे तेथे विषय क्रमांकासह दिलेले असते. फेटाळल्या गेलेल्या उपसूचनाही असतात. एका सभेत त्या तटस्थ राहिल्या होत्या आणि तटस्थ राहण्याचे कारण त्यांनी सहा ओळींत दिले होते. मैदानाचा एक कोपरा वाहनतळासाठी देण्याच्या प्रस्तावाला त्यांनी पाठिंबा दिला, तेव्हा मी आणि माझ्यासारखे अनेक जण दुखावले गेलो. कारण छापलेले होते: रस्त्यावर दुहेरी उभ्या राहणाऱ्या गाड्यांमुळे अग्निशमन दलाचे वाहन आतल्या गल्ल्यांत शिरू शकत नाही. ते कारण मला आजही पुरेसे वाटत नाही, कारण त्यावर दुहेरी पार्किंगला बंदी हा उपाय आधी करून पाहता आला असता. परंतु कारण छापलेले होते म्हणूनच मला त्यावर मुद्देसूद पत्र लिहिता आले, आणि त्या पत्राचा सारांश पुढच्या अंकात विनाकाटछाट आला. आपल्या विरोधातले पत्र आपल्याच पत्रकात छापणारे लोकप्रतिनिधी मी फार पाहिलेले नाहीत.

सभेचे वृत्त जेवढे उत्तम, तेवढीच सभेपूर्वीची माहिती कमकुवत आहे, आणि या सेवेबाबत माझी सर्वांत गंभीर तक्रार हीच आहे. आमच्या भागातील रस्तारुंदीच्या प्रस्तावावर हरकती व सूचना मागवल्या गेल्या, त्याची बातमी वार्तापत्रात आली तेव्हा मुदत संपायला चारच दिवस उरले होते. ज्यांच्या घरांच्या पायऱ्या त्या रेषेत येत होत्या, त्यांच्यापैकी काही वयोवृद्ध नागरिकांना नकाशा पाहायला कार्यालयात जाणेही त्या चार दिवसांत जमले नाही. मासिकाचे वेळापत्रक आणि सभेचे वेळापत्रक एकमेकांशी जुळत नाही, ही अडचण मला समजते; पण मग मुदतीच्या बातम्या मासिकावर अवलंबून ठेवता कामा नयेत. जगात अनेक ठिकाणी ही बाब प्रतिनिधीच्या सोयीवर सोडलेलीच नाही. कॅलिफोर्नियात ब्राउन कायद्यानुसार स्थानिक संस्थेच्या नियमित सभेची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी लोकांना दिसेल अशी लावावी लागते, आणि खास सभेसाठी २४ तास आधी. इंग्लंडमध्ये नगरपरिषदांच्या सभांची कागदपत्रे सभेपूर्वी पूर्ण पाच दिवस पाहण्यासाठी खुली ठेवावी लागतात. आमच्या नगरसेविकांनी यासाठी एक पानी ‘तातडीचे पत्रक’ काढावे, ते प्रत्येक इमारतीच्या सूचनाफलकावर लावावे आणि भ्रमणध्वनीवर पाठवावे. त्यात हरकतीची शेवटची तारीख पहिल्या ओळीत, ठळक अक्षरांत असावी. हरकत कशी लिहायची याचा पाच ओळींचा नमुना सोबत दिला तर फारच चांगले, कारण ‘आम्हाला हे मान्य नाही’ एवढेच लिहिलेल्या हरकतीवर सुनावणीत काही बोलता येत नाही. सर्व्हे क्रमांक, मोजमाप आणि पर्याय लिहिलेल्या हरकतीवर मात्र अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते.

तिसरे पान रस्त्यांचे. खोदाई कोठे, कधीपासून कधीपर्यंत, वाहतूक कोठून वळवली आहे, पाणी कोणत्या वेळेत बंद राहील, ही माहिती अचूक असते; दोन वर्षांत ती फक्त एकदा चुकल्याचे मला आठवते. परंतु या पानाची खरी किंमत तळाच्या एका लहान तक्त्यात आहे. नव्याने केलेल्या प्रत्येक रस्त्यासमोर तेथे ‘दोष दायित्व कालावधी’ कधी संपतो ती तारीख छापलेली असते. ज्यांना हा शब्द परिचित नाही त्यांच्यासाठी सांगतो: काम पूर्ण झाल्यावर करारात ठरलेल्या मुदतीपर्यंत त्या कामात दोष निघाला तर ठेकेदाराने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. मुदत संपली की तोच खड्डा नागरिकांच्या पैशातून बुजवला जातो. ही तारीख कराराच्या कागदात असते, पण तो कागद कोणी पाहत नाही. आमच्या प्रभागात गेल्या वर्षी मुदत संपायच्या दोन महिने आधी वार्तापत्राने आठवण छापली, आणि आठ-दहा रहिवासी एका रविवारी सकाळी वही घेऊन रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले. कोणी पावलांनी अंतर मोजत होते, कोणी खचलेल्या भागाचे छायाचित्र घेत होते, आणि एका शाळकरी मुलीने खडूने प्रत्येक दोषाभोवती गोल काढून त्यात क्रमांक घातला. ती यादी विभागाला मुदतीच्या आत मिळाली आणि रस्त्याची दुरुस्ती ठेकेदाराकडूनच झाली. वार्तापत्रातील हा एक तक्ता कोणत्याही प्रभागाने डोळे झाकून उचलावा.

चौथे पान ‘शेजारपाजार’ या नावाने येते. वाचनालयाच्या बदललेल्या वेळा, लसीकरण आणि रक्तदान शिबिरे, हरवले-सापडले, शाळांचे निकाल, निधनवार्ता असा मजकूर त्यात असतो. हे पान घरोघरी सर्वांत आधी वाचले जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. त्याच्या आवाक्याविषयी मात्र माझे समाधान नाही. वर्षभराचे अंक समोर ठेवले की त्याच चार-पाच मंडळांची नावे पुन्हा पुन्हा दिसतात, कारण बातमी लिहून आणून देण्याची सवय त्यांनाच आहे. प्रभागातील भाडेकरू, वसतिगृहातील विद्यार्थी, बांधकामावर राहणारी कुटुंबे यांच्याविषयी क्वचितच काही येते. एकदाच, निवृत्त होणाऱ्या सफाई कर्मचारी बाईंवर अर्धे पान आले होते. पहाटे किती वाजता कोणत्या गल्लीपासून झाडायला सुरुवात करायची, पावसाळ्यात कोणत्या जाळीवर पाने आधी अडकतात, हे त्यांनी त्यात स्वतःच्या शब्दांत सांगितले होते. त्या माहितीच्या आधारे नालेसफाईचा क्रम बदलला गेला. अशी पाने वाढावीत यासाठी बातमी आपल्याकडे येण्याची वाट न पाहता कोणीतरी ती आणायला बाहेर पडले पाहिजे.

छायाचित्रांच्या बाबतीत हे वार्तापत्र संयमी आहे. नगरसेविकांचे छायाचित्र शेवटच्या पानावर, संपर्काच्या चौकटीत, टपाल तिकिटाएवढे असते, आणि छपाईचा खर्च कोणी केला ते त्याखाली छापलेले असते. ही लहान गोष्ट नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सार्वजनिक पैशातून होणाऱ्या सरकारी जाहिरातींतील नेत्यांच्या छायाचित्रांवर मर्यादा घातल्या, त्या पुढे २०१६ मध्ये काहीशा शिथिल झाल्या. कॅलिफोर्नियात तर १९८८ च्या सार्वमतातून आलेल्या कायद्याने, लोकप्रतिनिधीला ठळकपणे पुढे करणारी पत्रके सार्वजनिक खर्चाने २०० पेक्षा अधिक प्रतींत पाठवण्यास मनाई केली. इंग्लंडमधील २०११ च्या मार्गदर्शक संहितेनुसार नगरपरिषदांनी स्वतःची वृत्तपत्रे तीन महिन्यांतून एकदाच काढावीत, म्हणजे स्थानिक वृत्तपत्रांच्या पोटावर पाय येणार नाही. या सगळ्यामागे एकच काळजी दिसते, ती म्हणजे लोकांच्या पैशातून त्यांना माहिती मिळावी, प्रचार नाही. आमच्या वार्तापत्राने कोणी सक्ती न करता ही मर्यादा पाळली आहे, फक्त एका अंकाचा अपवाद वगळता, ज्यात एका उद्यानाच्या लोकार्पणाला मधली दोन्ही पाने दिली गेली आणि त्या महिन्यात ‘सभागृहात’ हे सदर गाळले गेले. त्या महिन्यात नेमकी अंदाजपत्रकाची सभा होती, म्हणून ते अधिक खटकले.

अंदाजपत्रकाविषयी आणखी एक अपेक्षा आहे. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून नागरिकांनीच खर्चाचे अग्रक्रम ठरवण्याची पद्धत सुरू झाली आणि ती पुढे जगभर पसरली. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून कामे सुचवून घेतली जाऊ लागली. शिकागोच्या ४९व्या प्रभागात तेथील नगरसेवक जो मूर यांनी २००९ मध्ये आपल्या वाट्याचा विकासनिधी थेट रहिवाशांच्या मतदानावर सोडला. अमेरिकेत असे प्रथमच घडले. आमच्या नगरसेविकांनीही गेल्या वर्षी वार्तापत्रात कामे सुचवण्याचा अर्ज छापला आणि चांगला प्रतिसाद मिळाला. परंतु सुचवलेल्या कामांपैकी कोणती घेतली आणि कोणती कोणत्या कारणाने सोडली, ही यादी अजून आलेली नाही. ज्या वार्तापत्राने अकरा महिने एका पुलाचा पाठपुरावा छापला, त्याच्याकडून ही यादी न येणे मला खरोखर लागले. अर्ज भरून देणाऱ्यांत पहिल्यांदाच असे काही करणारे तरुण होते, आणि उत्तर मिळाले नाही तर ते पुढच्या वर्षी अर्ज भरणार नाहीत.

छपाई स्वच्छ आहे, भाषा सोपी आणि शुद्ध आहे, अक्षरे मात्र फार बारीक आहेत. तक्त्यातली अक्षरे तर माझ्यासारख्याला भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. भ्रमणध्वनीवर येणारी प्रत छायाचित्राच्या स्वरूपात असते, त्यामुळे दृष्टिहीन व्यक्तीच्या वाचनयंत्रणेला ती वाचता येत नाही. मजकूर म्हणूनच पाठवली तर हा प्रश्न एका दिवसात सुटेल.

शेवटी मुदतीचा प्रश्न. नगरसेविकांचा कार्यकाळ संपत आला आहे. त्या पुन्हा निवडून येतील की नाही, किंवा उभ्या राहतील की नाही, हा या परीक्षणाचा विषय नाही. पण ‘अपुरी कामे’ या तक्त्यात आज चौतीस नोंदी आहेत, आणि नवा प्रतिनिधी आला की त्या चौतीस तक्रारी पुन्हा पहिल्यापासून नोंदवाव्या लागतील की काय, ही चिंता मला होती. गेल्या शनिवारी भेटीच्या वेळेत मी ते त्यांना सरळ विचारले. त्यांनी कपाटातून तीच जाड वही काढली, जिच्यात माझ्या चेंबरच्या झाकणाची नोंद झाली होती, आणि म्हणाल्या, “काका, हिची प्रत करून प्रभाग कार्यालयात जमा करणार आहे, पोच घेऊन. आणि एक प्रत वाचनालयात ठेवते, म्हणजे कोणालाही बघता येईल.” वाचनालयातील प्रत मी काल पाहून आलो. पुलाची नोंद तीत आहे, वाचनालयामागच्या दिव्याचीही आहे, आणि प्रत्येक पानावर पुढच्या तारखेसाठी एक रकाना मोकळा सोडलेला आहे.